राहिलेले चार सूर

जरीना खरादीला पुण्यात दोन तऱ्हेचे लोक ओळखत. कॅम्पातल्या जुन्या लोकांच्या लेखी ती 'पियानोवाल्या खरादींची थोरली' होती, आणि बाकीच्यांच्या लेखी 'परदेशात काहीतरी वाजवणारी ती बाई'. पहिल्या ओळखीबद्दल तिची काही तक्रार नव्हती. दुसरीतल्या 'काहीतरी' या शब्दानं मात्र तिच्या कपाळाची शीर उडायची.

अब्बांचं दुकान कॅम्पातल्या एका अरुंद गल्लीत होतं. क्लबांचे, शाळांचे, पारशी बंगल्यांतले पियानो तिथं दुरुस्तीला येत. कुणाला वाळवी लागलेली, कुणाचं लाकूड पावसाळ्यात फुगलेलं. अब्बांना स्वतःला एक ओळ वाजवता येत नव्हती, पण कान असा की शेजारच्या घरात पितळी ताट पडलं तरी ते कोणत्या सुरात पडलं ते सांगत. ते पियानोखाली शिरत आणि पाच वर्षांच्या जरीनाला वरून पट्ट्या दाबायला लावत. दाब, पुन्हा दाब, आता पुढची. सातव्या वर्षी तिनं न सांगता स्वतःच्या मनानं पट्ट्या दाबायला सुरुवात केली, तेव्हा अब्बा खालून बाहेर आले आणि हातातला पेचकस तसाच धरून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका गोवेकर शिक्षिकेकडे नेऊन बसवलं.

पुढची आठ वर्षं तिनं लंडनहून येणाऱ्या परीक्षा देण्यात घालवली. तिच्या पंधराव्या वर्षी अब्बांच्या एका गिऱ्हाइकानं पियानो चांगला झाला म्हणून मिठाईऐवजी जुन्या तबकड्यांचा एक खोका पाठवून दिला. त्यातल्या तिसऱ्या तबकडीवर जाझ होतं. डावा हात हातगाडीसारखा एका चालीनं निघालेला आणि उजवा पतंगासारखा वाटेल तिकडे झोके घेतोय, तरी दोघांची गाठ सुटत नाही, असलं वाजवणं तिनं कधी ऐकलं नव्हतं. परीक्षांमधला तिचा जीव त्या दिवशी उडाला.

बाविसाव्या वर्षी तिला कॅम्पातल्या एका हॉटेलात संध्याकाळी वाजवायचं काम मिळालं. अब्बांनी एकच अट घातली: ती वाजवत असेल तोवर आपण समोर बसणार. तीन वर्षं ते हॉटेलच्या सोफ्यावर वर्तमानपत्र घेऊन बसले. त्यांना मुलीची राखण करायची आहे असं मॅनेजरला वाटे, पण एखादी पट्टी उतरली की वर्तमानपत्रामागून कण्हल्यासारखा आवाज येई, आणि त्यावरून जरीनाला कळे की ते नक्की कशावर लक्ष ठेवून आहेत.

मग मुंबई झाली, मुंबईच्या मंडळींबरोबर जर्मनी झाली, आणि जर्मनीतून डेन्मार्क. तिथल्या एका संगीतशाळेनं तिला वर्षातले सहा महिने शिकवायला बोलावलं, ते कायमचंच. पाच तबकड्या निघाल्या. तिनं रचलेलं इतर लोक वाजवू लागले, आणि तेच तिला सगळ्यात मोठं वाटे. लग्नाचं राहूनच गेलं, असं अम्मी मरेपर्यंत म्हणत होती. जरीनाच्या मते ते राहिलं नव्हतं, ठेवलं होतं.

तिची सगळ्यात मोठी रचना मात्र डेन्मार्कात सुचली नाही. चौऱ्याण्णव साली अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ती दोन वर्षं पुण्यात राहिली. तिनं कोथरूडला फ्लॅट घेतला होता, अब्बा कॅम्पात. रोज स्वारगेटला उतरून बस बदलायची. बस वेळेवर येत नसे, म्हणून ती रोज अर्धा-पाऊण तास तिथं उभी असे, आणि उभं राहून दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे ऐकत असे. कंडक्टरची दुहेरी घंटा, उभ्या इंजिनाची घरघर, कर्ण्यातून गाड्यांची नावं सांगणारा तो झोपाळू आवाज, पुढे सरका, मागे जागा आहे. त्यातून चाळीस मिनिटांची सात भागांची रचना झाली. तिचं नाव तिनं 'स्वारगेट' ठेवलं. डेन्मार्कच्या ड्रमवाल्याला ती दुहेरी घंटा जमेपर्यंत तिनं दोन दिवस छळलं होतं. तबकडी गाजली. ओस्लोत, व्हिएन्नात लोक 'स्वारगेट' हा शब्द जीभ वळवून वळवून म्हणत.

पुण्यात मात्र ती रचना वाजली नाही. ज्या सभागृहात पियानो होता तिथं तो नुसता शोभेला होता, आणि जिथं श्रोते होते तिथं पियानो नव्हता. कोथरूडच्या सोसायटीत तिचा स्वतःचा पियानो दोरखंडांनी दुसऱ्या मजल्यावर चढवला, त्याच आठवड्यात जिन्यात सूचना लागली: 'दुपारी एक ते चार कोणतेही वाद्य वाजवू नये. पियानो हेदेखील वाद्य आहे.'

एवढ्यावर भागलं असतं तर जरीना सुखानं जगली असती. पण दोन हजार साली तिच्या भाचीला नोकरी लागली.

जोया ही मन्सूरची, म्हणजे जरीनाच्या धाकट्या भावाची मुलगी. अब्बांच्या मागे मन्सूरनं दुकान चालवलं, पण पियानोंवर आता कुणाचं घर चालणार? शहरात कंप्यूटरच्या कंपन्या उगवू लागल्या तसा तो त्यांची टेबलं आणि पार्टिशनं करू लागला. पोरीला त्यानं कंप्यूटर शिकवला. तिची पहिली कंपनी येरवड्याला होती. मोठमोठ्या ऑफिसांमध्ये फोन केल्यावर जे यंत्र 'यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा' म्हणतं, ते ही कंपनी बनवत असे.

एका रविवारी जोया आत्याकडे आली. जरीना डेन्मार्कला निघायच्या गडबडीत होती, बॅगा अर्ध्या भरलेल्या. जोया म्हणाली, "फुप्पी, प्लीज, फक्त तीस सेकंद. माणूस फोन धरून थांबतो ना, तेव्हा वाजवायला काहीतरी हवंय. आत्ता नुसतं बीप-बीप आहे, क्लायंट वैतागलेत."

पुन्हा 'काहीतरी'. पण पोरगी लाडकी होती. जरीनानं हातातले लोकरीचे मोजे खाली ठेवले, भिंतीला टेकून ठेवलेला जुना कीबोर्ड काढला आणि 'स्वारगेट'च्या तिसऱ्या भागाचा मुखडा वाजवून दिला. गाडी येते, लोक पुढे सरसावतात, गाडी भलतीच निघते, लोक मागे येतात, असा तो मुखडा होता. तीन वेळा वर चढायचा, तिन्ही वेळा अडखळायचा, आणि शेवटी चार सुरांत अलगद खाली उतरून जागेवर येऊन बसायचा. जोयानं तो टिपून घेतला, आत्याच्या गालाची पापी घेतली आणि गेली. जरीनाही विमानात बसली आणि विसरली.

पुढच्या हिवाळ्यात ती परत आली आणि सिलिंडर संपला म्हणून तिनं गॅसच्या एजन्सीला फोन लावला. यंत्रानं तिला थांबायला सांगितलं आणि तिचाच मुखडा तिच्या कानात वाजू लागला. एकदा चढला, दोनदा चढला, तिसऱ्यांदा चढला, आणि आता तो खाली उतरणार तोच कुणी गळा दाबावा तसा तुटला. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,' असं एक बाई म्हणाली. पुन्हा पहिल्यापासून.

मुखडा चौतीस सेकंदांचा होता. कंपनीची जागा तीस सेकंदांची. शेवटचे चार सूर कापले गेले होते.

ज्याला संगीतात गम्य नाही त्याला यात एवढं काय, असं वाटेल. जोयालाही तसंच वाटलं. जरीनानं तिला समजावून सांगितलं, की गवई दहा आवर्तनं घेऊन समेवर यायला लागला आणि समेच्या आदल्या मात्रेला कुणी त्याला उचलून पुन्हा स्थायीवर नेऊन बसवलं, आणि असं दिवसभर करत राहिलं, तर गवयाचं काय होईल? जोया म्हणाली, "पण फुप्पी, इट्स अ हिट!" ते खोटं नव्हतं. त्या एका वर्षात कंपनीनं ते यंत्र बँकेला विकलं होतं, विमावाल्यांना विकलं होतं, दोन हॉस्पिटलांना आणि एका मोबाइलच्या कंपनीला विकलं होतं. निम्मं पुणं कुठला ना कुठला फोन कानाला लावून तो तुटका मुखडा ऐकत होतं. सोसायटीत दूध टाकणारा गडी तो शिट्टीवर वाजवत जिना चढे आणि बरोबर चार सूर आधी थांबून पिशवी ठेवी. रिक्षावाले गुणगुणत, तेही तुटका. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी तो मोबाइलच्या घंटीला लावून घेतला होता. दुपारी एक ते चार या वेळातही तो वाजे, आणि त्याबद्दल जिन्यात कोणतीही सूचना लागली नाही.

तो तिचा आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याचं तिला दुःख नव्हतं. उलट तो तसा आपल्या नावावर नाही हेच बरं, असं तिला वाटे. पण ते चार सूर कुणीतरी जोडावेत एवढंच तिचं म्हणणं होतं. जोयानं ऑफिसात विचारलं आणि येऊन सांगितलं, की सिस्टीममध्ये चौतीस सेकंद बसत नाहीत, तरी मी तिकीट टाकलंय. कसलं तिकीट, असं जरीनानं विचारलं. तक्रारीचं. ते कधी निघतं? त्याला रांग आहे.

तीन महिने रांग हलली नाही, तेव्हा जरीनानं स्वतःच कंपनीच्या तक्रारखात्याला फोन लावला. यंत्रानं तिला थांबायला सांगितलं. बावीस मिनिटं ती फोन धरून बसली, आणि बावीस मिनिटं काय ऐकत बसली ते वेगळं सांगायला नको. शेवटी एक मुलगा बोलायला आला. त्यानं फार अदबीनं तक्रार विचारली. ती म्हणाली, "तुमचं ते गाणं अर्धं आहे."

"कोणतं गाणं, मॅडम?"

"जे मी आत्ता बावीस मिनिटं ऐकलं ते."

"आपल्याला ते आवडलं नाही का?"

"मी ते रचलंय."

मग तो मुलगा म्हणाला, की मी आपल्याला संबंधित विभागाशी जोडून देतो. आणि मुखडा पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी ती रिक्षा करून येरवड्याला गेली. काचेच्या इमारतीत काचेच्या खोलीत तिला बसवलं, कॉफी आणून दिली. समोर आलेला मॅनेजर संतोष नावाचा तिशीतला तरुण होता, मूळ नांदेडकडचा. तो इतका भला होता की त्याच्यावर नीट रागावताही येईना. त्यानं तिला वाकून नमस्कार केला, तिच्या दोन तबकड्या कालच मागवून घेतल्याचं सांगितलं, आणि मग कंप्यूटरचा पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर लाल-निळ्या रेघा होत्या.

"मॅडम, हे बघा. आधी बीप होतं तेव्हा शंभरातले एकतीस लोक मध्येच फोन ठेवून द्यायचे. आता बावीस ठेवतात. आम्ही याचा स्टडी केला. गाणं पूर्ण होत नाही ना, म्हणून माणूस फोन ठेवत नाही. त्याला वाटतं, आता होईल." तो थोडा ओशाळला. "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण ते चार सूर घातले तर लोक ऐकतील, समाधान होईल आणि फोन ठेवून देतील."

जरीना त्या रेघांकडे बघत राहिली. तिच्या उभ्या आयुष्यात तिच्या संगीताबद्दल अनेकांनी बरंच लिहिलं होतं, चांगलं आणि वाईट. पण लोकांना समाधान मिळू नये म्हणून ते वापरता येतं, हा शोध आजवर कुणाला लागला नव्हता. तिनं कॉफी संपवली, संतोषचे आभार मानले आणि घरी येऊन जोयाला फोन केला. त्या फोनवर ती जे बोलली त्यातलं बरंचसं तिला नंतर मागे घ्यावंसं वाटलं. पोरीनं रडत फोन ठेवला, आणि मग पाऊण वर्ष दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. मन्सूर मध्ये पडला. तो म्हणाला, "आपा, चार सुरांसाठी कुणी घर तोडतं का?" जरीना म्हणाली, की तू अब्बांचा मुलगा असून हे विचारतोस याचंच मला नवल वाटतं. पुढे जोयानंच ती नोकरी सोडून दुसरी धरली, ईदला येऊन आत्याच्या गळ्यात पडली, आणि त्या विषयावर कुणी बोलायचं नाही असं न बोलताच ठरलं.

मुखडा वाजतच राहिला.

दोन हजार पाच साली डेन्मार्कनं तिला त्यांचा एक मोठा पुरस्कार दिला. पुण्याच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर बातमी आली, फोटोसकट, आणि चौथ्या दिवशी कोथरूडच्या एका संगीतप्रेमी मंडळाचे चिटणीस गोपाळकृष्ण आगाशे यांचा फोन आला. ते बँकेतून निवृत्त झालेले, बोलणं मोजूनमापून. मंडळाला तिचा सत्कार करायचा होता. शाल, श्रीफळ, मानपत्र, तीन भाषणं, आणि शेवटी वेळ उरल्यास पंधरा मिनिटं वादन.

जरीनानं सांगितलं, की मला शाल नको, चाळीस मिनिटं द्या. मी 'स्वारगेट' वाजवीन, सगळं.

आगाशे म्हणाले, "सलग चाळीस?"

"सलग."

"आपण एकट्याच?"

"एकटीच वाजवता येईल असं मी बसवून घेतलंय."

"हे जाझ म्हणजे आरडाओरड्याचं असतं का?"

"नाही."

"मग हरकत नाही," आगाशे म्हणाले. "मध्ये एखादं नाट्यपद बसवता येईल का? म्हणजे लोकांना धरायला काही मिळेल."

जरीनानं डोळे मिटून दहापर्यंत आकडे मोजले. नाट्यपद बसणार नाही, असं तिनं सांगितलं. बरं, भाषणं दोन करू, असं आगाशे म्हणाले. मग पियानोचा प्रश्न आला. जरीनाचा स्वतःचा पियानो दुसऱ्या मजल्यावरून उतरवायला सोसायटीनं परवानगी दिली, पण परत चढवायला सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल असं कळवलं. शेवटी कॅम्पातल्या एका शाळेनं आपला जुना पियानो देऊ केला. त्याच्या अकरा पट्ट्या मुक्या होत्या आणि आत उंदरांनी संसार मांडला होता.

तेव्हा मन्सूर उठला. हिंजवडीच्या एका कंपनीची दोनशे टेबलं त्याला महिनाअखेर द्यायची होती. ती त्यानं कारागिरांवर टाकली, अब्बांची हत्यारांची पेटी माळ्यावरून काढली आणि आठवडाभर तो त्या पियानोखाली शिरून बसला. तोंडानं सारखा कुरकुरत होता, की हे आता आपलं काम राहिलं नाही, माझी पाठ गेली, या तारा कुठून आणू. आणि वरून पट्ट्या दाबायला जरीना बसली. दाब, पुन्हा दाब, आता पुढची. त्या आठवड्यात दोघं भावंडं जेवढं बोलली तेवढं मागच्या दहा वर्षांत बोलली नव्हती.

कार्यक्रम रविवारी सकाळी दहाला होता. सभागृह जवळजवळ भरलं होतं. पहिल्या भाषणात जाझ म्हणजे काय ते एका प्राध्यापकांनी सांगितलं, ते बहुतेक चूक होतं. दुसरं भाषण मंडळाच्या अध्यक्षा मंदाकिनीबाईंचं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की मला यातलं काही कळत नाही, तेव्हा मी तुमच्यात बसून ऐकते. जरीनाला सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं.

पहिला भाग लोकांनी पाहुण्यांकडे अनोळखी पदार्थ खावा तसा, तोंड वाकडं न करता ऐकला. दुसऱ्यात दुहेरी घंटा आली तेव्हा दोन-चार माना हलल्या. मग तिसरा भाग सुरू झाला, आणि मुखडा पहिल्यांदा वर चढला.

आधी मागच्या रांगांत कुणीतरी हसलं. मग हसू रांगारांगांतून पुढे येत गेलं. एका बाईनं नवऱ्याला कोपरानं ढोसून सांगितलं, अहो, हे तर गॅसवाल्यांचं. उजवीकडून एका तरुणानं नाकात आवाज काढून म्हटलं, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," आणि सगळं सभागृह खळखळून हसलं. त्यात वाईट हेतू नव्हता. ओळखीचा माणूस भेटल्यावर हसावं तसे लोक हसत होते. पण जरीनाचे कान तापले. पाच वर्षं गिळलेला राग हातांत उतरला. उठून निघून जावं असं एकदा वाटलं. समोर चौथ्या रांगेत जोया बसली होती, तोंडाला ओढणी लावून, पांढरीफटक.

मुखडा तिसऱ्यांदा चढला आणि जरीनानं तो तिथंच तोडला. बरोबर जिथं ते यंत्र तोडतं तिथं. आणि पहिल्यापासून सुरू केला.

लोकांना ती गंमत वाटली. टाळ्या पडल्या. तिनं पुन्हा तोडला, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा हशा, जरा कमी. चौथ्या वेळी डाव्या हातात तिनं इंजिनाची घरघर आणली. पाचव्या वेळी ती थोडी वाढवली. उजवा हात तोच मुखडा तस्साच चढवत होता आणि तिथंच सोडत होता, एक सूर इकडे नाही की तिकडे नाही. सहाव्या वेळी कुणी हसलं नाही. सातव्या वेळी खुर्च्या करकरू लागल्या. आठव्याला एक आजोबा मांडीवर हात आपटून ती न येणारी सम स्वतःच दाखवू लागले, आणि पुढच्या वेळी त्यांच्याबरोबर आणखी दहा-बाराजण. लोकांच्या कपाळांवर आठ्या चढल्या. हे सगळे पाच वर्षं हा मुखडा ऐकत आले होते, त्यात काय कमी आहे ते त्यांना आज पहिल्यांदा टोचू लागलं होतं. अकराव्या वेळी तो पुन्हा तुटला, तेव्हा तिसऱ्या रांगेतले एक जाडजूड गृहस्थ न राहवून मोठ्यानं म्हणाले:

"अहो बाई, पुढे चला आता!"

जरीनानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, मान लववली, आणि बाराव्या वेळी मुखडा चढवून ते चार सूर वाजवले.

सभागृहातून एक मोठा श्वास सुटला. ती टाळी नव्हती, वाहवाही नव्हती. अवघडून बसलेल्या तीनशे माणसांनी एकदम पाय मोकळे करावेत तसा तो आवाज होता. आजोबांचा हात मांडीवर बरोबर समेला पडला. त्या श्वासावरच तिनं चौथा भाग उचलला, आणि तिथून शेवटपर्यंत कुणाची चुळबुळ ऐकू आली नाही. मन्सूर रंगमंचाच्या कडेला पाठ धरून उभा होता. सातव्या भागात एक तार किंचित उतरली, तेव्हा त्यानं हुबेहूब अब्बांसारखं कण्हल्याचं तिनं ऐकलं.

शेवटी टाळ्या पुष्कळ झाल्या. जोया पडद्यामागे आली आणि तिचा हात धरून बसली. आगाशे आले ते घड्याळ दाखवत. कार्यक्रम सहा मिनिटं लांबला होता, आणि साडेअकरानंतर सभागृहाला जादा भाडं पडतं.

या सगळ्याचा परिणाम काय झाला म्हणाल, तर फार काही नाही. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, त्यात 'स्वारगेट'चं 'शिवाजीनगर' झालं होतं. यंत्रातला मुखडा आणखी वर्षभर तसाच तुटका वाजत राहिला; मग कंपनीनं तो काढून सनईसारखं दुसरं काहीतरी घातलं. मन्सूरकडे आणखी दोन शाळांचे पियानो दुरुस्तीला आले, आणि कुरकुरत का होईना, त्यानं ते ठेवून घेतले.

पुढच्या बुधवारी दुपारी साडेचारला जरीनाच्या दाराची घंटा वाजली. बाहेर आगाशे उभे होते, इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. काही हिशेब राहिलाय का, असं तिनं विचारलं. नाही, म्हणाले. सभागृहाबद्दल तक्रार? तीही नाही. मग आत येऊन ते सोफ्याच्या कडेवर बसले, पाणी नको म्हणाले, आणि बराच वेळ पियानोकडे बघत राहिले. जरीनाला डेन्मार्कची तयारी करायची होती. या माणसाला आता काय हवंय, नाट्यपद की काय, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"आपला पाचवा भाग चालू होता," आगाशे शेवटी म्हणाले, "तेव्हा मी बाहेर होतो. चहाचे थर्मास आले होते, ते मोजून घेत होतो. चौथा संपताना मी बाहेर पडलो आणि सहावा अर्धा झाल्यावर आत आलो. तीन दिवस मला तेच लागून राहिलंय, की मधे काय झालं. तुम्ही तिथून तिथं कशा गेलात. आपल्याला सवड नसेल तर मी परत येतो."

तीस वर्षं वाजवत आलेल्या बाईला पुण्यात कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. तिनं पियानोचं झाकण उघडलं आणि त्यांना जवळची खुर्ची दाखवली.

"चौथ्याच्या शेवटापासून धरते," ती म्हणाली. "नाहीतर पाचव्याला अर्थ नाही."

आगाशे उठले, छत्री दाराशी टेकवून ठेवली आणि येऊन त्या खुर्चीवर बसले.